कानावरून ओळखलेली पाखरं

आमच्या भागात लहान पाखरू रंगावरून ओळखायला जाऊ नये. वणीहून राजूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर आहे आणि त्या रस्त्यावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. वर ताडपत्री बांधलेली असो की नसो, धूळ उडायची ती उडतेच. ती जास्वंदीच्या पानांवर बसते, तारेवरच्या कपड्यांवर बसते, झाकून ठेवलेल्या पाण्यावरही कुठून तरी येऊन बसते. मग पाखरांना ती कशी सोडेल?

मुलीनं नागपूरहून पाखरांचं एक रंगीत पुस्तक आणून दिलं होतं. ते मांडीवर घेऊन मी काही दिवस बागेत बसलो आणि वैतागलो. पुस्तकात ज्याचं पोट पांढरं, त्याचं आमच्याकडे राखाडी. ज्याचं पिवळं, त्याचं मातकट. राखी वटवट्या म्हणून ज्याच्या चित्रावर मी पेन्सिलनं खूण केली होती, तो एका पावसात भिजून निघाला आणि साधा वटवट्या झाला. होळीच्या संध्याकाळी रंगलेल्या पोरांच्या घोळक्यात आपलं पोरगं शोधावं, तसा तो प्रकार होता. पुस्तक कपाटात गेलं ते गेलंच.

मी कानावर भर दिला. कानानं काम करायची मला नोकरीपासूनच सवय होती.

मी खाणीत ब्लास्टर होतो. उघड्या खाणीत कोळशावरचा दगड फोडायचा तर त्यात ओळीनं भोकं पाडतात आणि बारूद भरतात. शिट्टी होते, भोंगा वाजतो, लाल झेंडे लागतात, माणसं आणि गाड्या लांब जातात. मग भोकं एकामागून एक उडतात. लोकांना वाटतं, बत्ती दिली की ब्लास्टरचं काम संपलं. खरं तर ते तिथून सुरू होतं. भरलेली सगळी भोकं उडाली का, हे त्याला कळलं पाहिजे. एखादं मुकं राहिलं आणि त्याच्यावर मशीन चढली, तर मशीनवरचा माणूस घरी जात नाही. कानात घालायची बोंडं आम्हाला मिळत होती. मी ती खिशात ठेवायचो. ऐकायचं तर कान उघडे पाहिजेत, असं मला माझ्या उस्तादानं शिकवलं होतं आणि त्याला त्याच्या उस्तादानं. बाकीचे कानावर हात ठेवून पाठ फिरवायचे, आणि मी मान तिरपी करून उभा राहायचो. माझ्या पाळीत मुकं राहिलेलं भोक मी एकदाही निसटू दिलं नाही. त्याचा अभिमान मला तेव्हाही होता आणि आजही आहे.

तर असा कान घेऊन मी बागेत बसायचो. बाग म्हणजे काही फार नाही. समोर जास्वंदीचं दाट कुंपण, आत सीताफळ, पेरू, लिंबू, कढीपत्ता, बायकोची वांगी-मिरची आणि मागं मुंगन्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड. पाळीवरून आलो की अंघोळ करून, चहाचा कप घेऊन मी सिमेंटच्या बाकावर टेकायचो आणि डोळे मिटायचो. शिंपी बोटभर पाखरू, पण ‘टुविट टुविट’ करून अंगण डोक्यावर घ्यायचा. शिंजीर जास्वंदीच्या फुलाला लोंबकळून घाईघाईनं काहीतरी बारीक बोलायचा, जणू त्याची गाडी सुटत होती. वटवट्या नावाप्रमाणे वटवट करायचा. चष्मेवाल्यांची टोळी यायची, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेली हिरवी पाखरं. त्यांचा आवाज इतका नाजूक, की आतल्या खोलीत कोणी बांगड्या काढून ठेवतंय असं वाटायचं. मी आधी ऐकायचो आणि मग पाहायचो. कानानं फांदी दाखवल्याशिवाय डोळा तिकडं जायचाच नाही.

बायको केळापूरकडची, कापसाच्या शेतात वाढलेली. तिला पाखरांच्या नावांशी देणंघेणं नव्हतं. कोण मिरचीवरची अळी उचलतो आणि कोण पेरू नासवतो, एवढंच ती पाहायची. पण दोनचार वर्षांत तिनं सगळी नावं माझ्याकडून उचलली आणि माझ्याविरुद्धच वापरायला लागली. मी डोळे मिटून ‘शिंजीर’ म्हणालो, की भाजी निवडताना मान वर न करता ती म्हणायची, “शिंपी हाय तो. शिंजीर आज आलाच नाई.” पुष्कळदा ती बरोबर असायची. बरोबर असल्यावर गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि चूक असल्यावर तर नव्हतंच. आमच्या संसारात साड्यांवरून किंवा सासरमाहेरावरून जेवढी भांडणं झाली नाहीत, तेवढी या बोटभर जिवांवरून झाली. मला ती भांडणं आवडायची, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

मी निवृत्त झालो आणि बाग दिवसभराची झाली. आता मनासारखं बसू असं म्हणालो, तर बागच रिकामी व्हायला लागली.

आधी चष्मेवाले यायचे थांबले. मला वाटलं, जागा बदलली असेल. मग शिंजीर गेला. जास्वंद फुललेली आणि त्याचा पत्ता नाही, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. वटवट्याची वटवट विरळ होत गेली आणि एका उन्हाळ्यात बंदच पडली. होले होते, कावळे होते, सातभाईंचा गोंधळ होता, तांबटाची टुकटुक होती, मागच्या बांधावर भारद्वाज घुमायचा. मोठी पाखरं जागच्या जागी होती, लहान तेवढी गेली होती.

यातून मी जो निष्कर्ष काढला तो खाणीच्या गावात कोणीही काढला असता. लहान पाखराची छाती लहान. तिच्यात मावणार किती आणि टिकणार किती? ट्रक वाढले होते, शेजारी दुसरी खाण उघडली होती. आमच्या गल्लीत सकाळी खोकल्याशिवाय कोणी उठत नव्हतं. आधी लहान मरणार, मग मोठी, आणि मग आपण. मी हे टपरीवर सांगायचो, किराणा दुकानात सांगायचो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचो. कोणाला काही खोटं वाटलं नाही. उलट प्रत्येकजण आपल्याकडची एकेक गेलेली गोष्ट सांगायचा, कोणी विहीर, कोणी आंब्याचा मोहोर.

मला फार वाईट वाटायचं. राग होताच, पण रागाच्या खाली दुसरं काही होतं. त्या खाणीनं मला पोटाला लावलं होतं. तिच्याच पगारावर हे घर बांधलं, घराभोवती झाडं लावली, आणि तिच्याच धुळीनं झाडावरचं पाखरू मारलं. यात आपण कोणाच्या बाजूचे, ते मला ठरवता यायचं नाही. संध्याकाळी बाकावर बसलो की पुढ्यात ती हिरवी मुकी बाग असायची आणि आपण तिच्या आत बसलोय असं वाटायचंच नाही.

बायको म्हणायची, “मेले कायचे? सकाळीच आलते.” मी ते मनावर घेतलं नाही. मी हो म्हटलं की तिनं नाही म्हणायचं, हे इतकी वर्षं चालत आलं होतं. त्यातून ती अलीकडे तोंडातल्या तोंडात बोलायला लागली होती. अर्धे शब्द गिळायची. मी ओरडायचो, “अवं, नीट बोल ना, पुटपुटते कायले?” मग ती मोठ्यानं बोलायची, आणि मोठ्यानं बोलली की ती भांडतेय असं मला वाटायचं.

एकदा थंडीत कॉलेजची काही मुलंमुली दुर्बिणी घेऊन फाटकाशी आली. “काका, बागेतली पाखरं पाहू का?” म्हणाली. मी म्हणालो, “पाहायला काही राह्यलं नाई इथं. खाणीनं खाल्लं सगळं.” ती कुंपणाकडे पाहत राहिली, मग एकमेकांकडे पाहिलं आणि निघून गेली. बिचारी हिरमुसली, असं मला वाटलं होतं.

पोळा झाल्यावर मी ठरवलं की कुंपण तोडायचं. पाखरंच नाहीत तर हे जंगल कशासाठी वाढवायचं? साप निघतो, डास होतात, झाडलोट माझ्याच्यानं होत नव्हती. खालची जागा मोकळी करून फरशी टाकली असती तर जावयाची गाडी तरी आत उभी राहिली असती. बायको ‘नको’ म्हणाली. ती ‘नको’ म्हणणार हे गृहीत धरूनच मी कोयत्याला धार लावून आणली होती.

सकाळी चहा झाल्यावर मी फाटकाच्या बाजूनं सुरुवात केली. जास्वंद चिवट झाड आहे, वाकतं पण तुटत नाही. फांदी ओढायची, वार करायचा, बाजूला टाकायची. पानांवरची धूळ डोळ्यात जात होती. मी कुंपणाच्या मध्यापर्यंत आलो तेव्हा बायको स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. हाताला पीठ तसंच होतं. तिनं मागून माझा दंड धरला.

“थांबा ना! काय करून राह्यले तुमी?”

“दिसत नाई का?”

“अहो, पिल्लं असन त्याचे तिथं! कवाचं ओरडून राह्यलं ते.”

“कोण?”

तिनं बोट दाखवलं. कपडे वाळवायच्या तारेवर, माझ्यापासून हाताच्या अंतरावर शिंपी बसला होता. डोक्यावर तांबूस टोपी, शेपूट ताठ उभी. कित्येक महिन्यांत मी त्याला पाहिलं नव्हतं. त्याची चोच उघडत होती आणि मिटत होती. उघडली की गळा फुगायचा, सगळं अंग हलायचं, तार हलायची. आवाज मात्र नव्हता.

मी म्हणालो, “पाह्य, कसं केलं याचं! धुळीनं गळा बसला बिचाऱ्याचा. चोच उघडून राह्यला पण आवाज नाई निघून राह्यला.”

बायकोनं आधी पाखराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तोवर एकदाच पाहिलं होतं, तिच्या वडिलांच्या आजाराचं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा.

“कान किटले माये,” ती हळूहळू म्हणाली, एकेक शब्द सुटा करून. “चुलीपाशी आइकू आलं मले. तुमाले नाई आइकू येत?”

तो अजून ओरडत होता. मी जवळ गेलो. इतका जवळ गेलो की त्यानं उडून जायला पाहिजे होतं, पण पिल्लं खाली असल्यामुळे तो उडेना. त्याच्या चोचीतली लालसर जीभ मला दिसली. मी कान पुढं केला. ट्रक गेला तो ऐकू आला. लांब होला घुमत होता, तोही ऐकू आला. हातातला कोयता कधी खाली पडला ते कळलं नाही, दगडावर आपटल्याचा आवाज मात्र स्वच्छ आला.

बायकोनं फांद्या अलगद बाजूला केल्या. जास्वंदीची दोन पानं कडेला कडा लावून कापसाच्या धाग्यानं शिवलेली होती आणि त्या पिशवीत तीन उघडी तोंडं होती. मी पुढचा वार त्याच फांदीवर केला असता. बायको म्हणाली की तीही ओरडतायत.

चंद्रपूरला कान तपासायला गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, हातात एक बटण दिलं. तपासणारी मुलगी म्हणाली, “काका, आवाज आला की दाबायचं.” जाडजाड आवाज आले, मी दाबत गेलो. मग यायचे थांबले. मी बराच वेळ वाट पाहिली आणि काचेवर टकटक केलं. “मशीन बंद पडली वाटते,” म्हणालो. तिनं वर पाहिलं आणि मानेनंच नाही म्हटलं. ती तोवर एकेक आवाज सोडत होती आणि लिहून घेत होती.

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. काही अंतर ती सपाट होती, मग खाणीत उतरणाऱ्या वाटेसारखी खाली गेली होती. त्यांनी नोकरी विचारली, मी सांगितली, त्यांनी मान हलवली. बारीक आवाज आधी जातात, म्हणाले. गेलेलं परत येत नाही. घरच्यांचं बोलणं पुटपुटल्यासारखं वाटतं का, असंही त्यांनी विचारलं. बायको शेजारच्या खुर्चीवर बसली होती. मी तिच्याकडे न पाहता हो म्हणालो.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. ज्यांना मी मेली म्हणून वर्षभर रडत होतो ती सगळी जिवंत होती. शिंजीर, वटवट्या, चष्मेवाले, सगळे रोज येत होते, माझ्या डोक्यावर बसून बोलत होते. पण मला आनंद झाला नाही. पाखरं गेली असती तर ती सगळ्यांची गेली असती. टपरीवर बसून सगळ्यांनी मिळून हळहळलो असतो. आता ती फक्त माझी गेली होती. खाणीवर माझा राग होता, त्यालाही धड जागा उरली नाही. धुळीनं केलं म्हणून मी शिव्या देत होतो, ते धुळीनं केलंच नव्हतं. केलं तर त्या स्फोटांनीच, आणि तिथं मान तिरपी करून मीच उभा होतो. पुन्हा तशी वेळ आली तर मी तसाच उभा राहीन, कारण मशीनवरच्या माणसाला घरी जायचं असतं. हे मला पक्कं माहीत आहे, आणि त्यानं दुःख तिळभरही कमी होत नाही.

कानात घालायचं यंत्र घेतलं. त्यानं ट्रक मोठे झाले, भांडी मोठी झाली, माझं स्वतःचं चावणं मोठं झालं. शिंजीर होता तिथंच राहिला. जो आवाज आत पोचतच नाही त्याला यंत्र तरी किती मोठं करणार? आता मी ते लग्नाकार्यात घालतो, म्हणजे लोकांना ओरडावं लागत नाही.

मग मुलीनं माझ्या फोनमध्ये एक सोय करून दिली. फोन बागेत धरायचा, तो ऐकतो आणि कोण बोलतंय त्याचं नाव पडद्यावर दाखवतो. इंग्रजी नावं, पण खाली चित्र येतं. पहिल्या दिवशी मी बाकावर बसून तो हातात धरला. शिंपीचं चित्र आलं. वटवट्याचं आलं. शिंजीर आला, गेला, पुन्हा आला. आणि भोवती काही नाही, नुसती पानं हलतायत. एकदा ट्रकच्या ब्रेकला त्यानं कुठल्यातरी परदेशी पाखराचं नाव दिलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. बायकोला दाखवलं, ती हसली. पण रोज ते करणं मला जमेना. माझ्याच अंगणात कोण आलं ते तळहातावरच्या डबीनं मला सांगायचं, हे काही पटत नव्हतं. शोकसभेत बाहेर ठेवलेल्या वहीतली नावं वाचावीत तसं वाटायचं. मी ते बंद केलं.

डोळ्यानं शिकू म्हटलं, तर त्यात एक वेगळीच भानगड झाली. शिंजीर फुलावर दिसला की त्याचा आवाज माझ्या डोक्यात आपोआप सुरू व्हायचा, अगदी पूर्वीसारखा, घाईघाईचा. मला वाटायचं, आला, ऐकू आला. मी बायकोला हाक मारून विचारायचो, “आता बोलला ना?” ती म्हणायची, “नाई वो, गप बसला हाय.” एकदा, दोनदा, पुष्कळदा असं झालं. मी जे ऐकत होतो ते जुनं होतं. नंतर मी तिला विचारायचं सोडून दिलं. तिनंही आपणहून सांगायचं सोडलं.

कुंपण तसंच आहे. अर्धं तोडलेलं, त्याला नवी पानं फुटली आहेत. शिंपीची पिल्लं उडाली, असं बायकोनं सांगितलं.

दिवाळीत मुलगी आली, नातीला घेऊन. नात पहिलीत आहे. तिला आईनं सांगून ठेवलं होतं की आबांना सगळी पाखरं ओळखता येतात, डोळे मिटूनसुद्धा. माझ्या कानाचं मुलीला माहीत होतं, पण पोरीला ते कसं सांगायचं आणि कशाला, म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. सकाळपासून ती माझं बोट धरून बागेत फिरत होती. होला दाखवला, सातभाई दाखवले, तांबटाची टुकटुक आली तेव्हा मी तिच्याआधी मान वर केली. ती खूष होती. मीही खूष होतो.

सीताफळापाशी ती थांबली. तिनं वर पाहिलं, बोट ओठांवर ठेवून मला गप्प राहायला सांगितलं. मग माझ्याकडे वळली. ऊन तिच्या तोंडावर होतं म्हणून मला तिचे ओठ नीट दिसले.

“आबा, हे कोण बोलतंय?”

मी वर पाहिलं. पानं दाट होती. मी म्हणालो, “तूच सांग पाहू, कसं बोलते?”

तिनं विचार केला. मग ओठांचा चंबू केला, डोळे बारीक केले आणि त्या पाखराचा आवाज काढला. तिचा गळा हलताना मला दिसला. गाल आत गेलेले दिसले. पुढचे दोन दात पडलेले होते, त्या फटीतून ती हवा सोडत होती.

मला काही ऐकू आलं नाही.

“पुन्हा कर बरं,” मी म्हणालो. तिनं पुन्हा केला, जास्त मन लावून. चेहरा लाल झाला. संपवून ती माझ्याकडे पाहत राहिली.

त्या वेळी पाखरांचं मला काहीच वाटलं नाही. पाखरं राहिली बाजूला. ही पोर माझ्यासमोर उभी राहून जीव तोडून आवाज काढतेय आणि तो माझ्यापर्यंत येत नाही, एवढंच मला कळत होतं. हिचं बोलणं आज मला तोंडाकडे पाहून कळतं. पुढच्या दिवाळीला किती कळेल? माझे डोळे भरून आले ते तिला दिसू नयेत म्हणून मी पुन्हा वर पाहिलं.

“शिंजीर,” मी म्हणालो. काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

तिला एवढंच पाहिजे होतं. ती पळत ओट्याकडे गेली. तिथं बायको मेथी निवडत बसली होती. पोरीनं तिचा पदर ओढला, सीताफळाकडे हात केला आणि काहीतरी सांगितलं. माझ्याकडे तिची पाठ होती. बायकोनं मान वर केली. ती क्षणभर झाडाकडे कान देऊन राहिली आणि तिचं तोंड उघडलं, नेहमीसारखं. माझी चूक तिच्या जिभेवर आली होती, ते मला इतक्या लांबूनही दिसलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तोंड मिटलं.

तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मान हलवून ‘हो’ म्हणाली.